जुन्या ट्रकचा फ्युएल गेज आणि ब्रेकचा लाल दिवा

टाकी जवळजवळ रिकामी, तरी काटा ‘फुल’च्याही पुढे. मीटर बदलण्याआधी सेंडरची (टाकीतलं इंधन मोजून मीटरला कळवणाऱ्या भागाची) वायर काढून, टाकीपासून लांब, चेसिसला टेकवली. काटा लगेच रिकाम्यावर आला. म्हणजे मीटर चांगला, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा! या ट्रकचा सेंडर रिकाम्या टाकीला 0 आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम देतो. अर्थ गंजली की रोध वाढतो आणि मीटरला टाकी भरलेलीच वाटते. गंज घासला, नवी अर्थ वायर जोडली.

लाल दिव्याची मात्र मला खरी काळजी होती. हँडब्रेकचा स्विच ठीक होता. ब्रेक वाल्व्हवरच्या स्विचचा वायरचा प्लग काढताच दिवा विझला, पण प्लग तसाच काढून ठेवणं जिवावर बेतलं असतं: मागचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गळत होता. तो बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, गळतीमुळे एका बाजूला सरकून दिवा लावणारा वाल्व्हमधला पिस्टन मध्यावर आला, मगच प्लग लावला.