वर्गणी वाटून घेणारं अॅप बनवताय? या चुका टाळा

आमच्या अॅपची पहिली आवृत्ती घरच्याच सहा जणांवर चालवून पाहिली. क्लाउड स्टोरेजचा फॅमिली प्लॅन, महिन्याला २९९ रुपये, कार्ड माझं. दुसऱ्याच महिन्यात सासऱ्यांच्या फोनवर संदेश झळकला: "तुझे ५० रुपये थकले आहेत. लगेच भर!" खाली लालभडक बटण. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पैसे तासाभरात पाठवले, पण मला नाही, बायकोला. आणि तिला हळूच विचारलं, "जावईबापूंची काही ओढाताण चाललीय का?"

ओटीटी, गाणी, स्टोरेज, पेपरची डिजिटल आवृत्ती, यांचे पैसे वाटून घेण्यासाठी अॅप काढणारे बहुतेक जण ते सबस्क्रिप्शनची यादी समजून बनवतात. आम्हीही तेच केलं. खरं तर आपल्याकडे या प्रकाराला नेमका शब्द आहे, वर्गणी. मासिकाचीही वर्गणी असते आणि गणपतीचीही. आणि वर्गणी आली की खजिनदार आला: आधी स्वतःच्या खिशातून भरणारा आणि मग चार जणांच्या मागे लागताना संकोचणारा. अॅप त्याच्यासाठी बनवायचं असतं. हे उशिरा कळल्यामुळे आम्ही ज्या चुका केल्या, त्यातल्या काही इथे मांडतो.

पहिल्याच स्क्रीनवर पासवर्ड मागणं

"शेअर करा" म्हटलं की डिझायनरच्या डोक्यात आधी पासवर्डचा रकाना येतो. तो काढून टाका. दुसऱ्यांचे पासवर्ड सांभाळणं म्हणजे विनाकारण घरात दारूगोळा ठेवणं. शिवाय एक लॉगिन गावभर वाटायचे दिवस गेले. नेटफ्लिक्सने भारतात २० जुलै २०२३ पासून खातं एकाच घरापुरतं, असा आग्रह धरला. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनला सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात. अॅपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये आयोजक धरून सहा जण बसतात. म्हणजे अधिकृत वाटणीची सोय कंपन्यांनीच करून ठेवलीय. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि आमंत्रणाची लिंक. अॅपने एवढंच लक्षात ठेवावं: जागा किती, कोणाला दिल्या, रिकामी कोणती, आणि या प्लॅनची घरची अट काय. ती अट जागा भरतानाच दाखवा. अनोळखी माणसांना मोकळ्या जागा विकायचा बाजार तर मांडूच नका. पहिलं भांडण झालं की दोन्ही पक्ष तुमच्याच दारात उभे राहतील.

जुन्या महिन्यांचा हिशोब नव्याने मांडणं

ही आमची सगळ्यात महागडी चूक.

झालं असं, की सहा महिन्यांनी एक भाचा गटातून बाहेर पडला. मी त्याचं नाव काढलं. त्याच रात्री गटावर गोंधळ: ज्यांचे सगळे पैसे चुकते होते त्यांच्याही नावावर थोडी थोडी बाकी दिसायला लागली. कारण साधं होतं. आमचा कोड दर वेळी "रक्कम भागिले सध्याचे सदस्य" असं करायचा. सहाचे पाच झाले, तशी मागच्या सहाही महिन्यांची वाटणी पाचात झाली. ५० चे ६० झाले आणि प्रत्येक महिन्यामागे १० रुपये थकले. प्लॅनचा दर बदलला तरी हेच होतं: नवा आकडा टाकला की तो जुन्या महिन्यांनाही चिकटतो.

किराणा दुकानातल्या चोपडीला हा प्रश्न कधी पडत नाही. तिथे लिहिलेलं खोडत नाहीत. चूक झाली तर खाली उलट नोंद करतात. अॅपलाही तीच शिस्त लावा. प्रत्येक हप्त्याच्या दिवशी त्या वेळचे सदस्य, त्या वेळचा दर आणि प्रत्येकाचा वाटा ही नोंद गोठवून ठेवायची. माणूस गेला, दर वाढला, कोणी मध्येच आलं, तर परिणाम पुढच्या नोंदीवर. मागचं दुरुस्त करायचंच असेल, तर "भाच्याला २० रुपये परत" अशी वेगळी ओळ, तारखेसकट, सगळ्यांना दिसेल अशी. वर्षाच्या प्लॅनमध्ये कोणी अर्ध्यावर गळालं तर पैसे परत द्यायचे की नाही, हे मात्र अॅपने ठरवू नये. गट बनवतानाच तो प्रश्न विचारून ठेवा. तेव्हा सगळे उदार असतात.

आता पैशांचं. २९९ भागिले ६ म्हणजे ४९.८३ आणि पुढे तीनच तीन. सहा वेळा ४९.८३ केले की २९८.९८ होतात, दोन पैसे हवेत विरतात, आणि "सगळे भरले" ही हिरवी खूण कधीच उमटत नाही. रक्कम रुपयांच्या दशांशात नको, पैशांत आणि पूर्णांकात साठवा: २९,९०० पैसे. उरलेले पैसे कोणाच्या तरी पदरात मुद्दाम टाका. आम्ही शेवटी पाच जणांकडून ५०-५० घेतो आणि खजिनदाराला ४९ पडतात. ज्याचं कार्ड अडकलंय त्याला रुपयाची सूट. यावर आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.

तारीख सरकते, त्याचं निदान

"३१ तारखेला कटणारे पैसे अॅपमध्ये ३ मार्चला दिसतात." अशी तक्रार आली तर जावास्क्रिप्टकडे बघा. तिथे ३१ जानेवारीचा महिना एकने वाढवला की फेब्रुवारीत ३१ दिवस नसल्याने तारीख पुढे सांडते आणि मार्च उजाडतो. याची घाईतली दुरुस्तीही फसवी असते: तारीख २८ फेब्रुवारीवर अडवली, पण पुढचा महिना त्या २८ वरूनच मोजला, की ते सबस्क्रिप्शन जन्मभर २८ तारखेचं होऊन बसतं. मूळ तारीख, म्हणजे ३१, वेगळी जपून ठेवा आणि दर महिन्याची तारीख तिच्यावरूनच काढा.

"एक दिवस आधीचीच तारीख दिसते" अशी तक्रार असेल, तर सर्व्हर जागतिक वेळेवर चाललाय. आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसहाला होते. हप्त्याची तारीख निव्वळ तारीख म्हणून साठवा, त्याला घड्याळ जोडू नका.

आणि "दरमहा" व "दरवर्षी" असे दोनच पर्याय देऊ नका. मोबाइलचं २८ दिवसांचं रिचार्ज वर्षातून तेरा वेळा येतं.

आठवण येतच नाही, किंवा आली तरी उपयोग नाही

आलीच नाही, तर आधी परवानगी तपासा. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी वेगळी संमती लागते, आणि अॅप उघडताक्षणी ती मागितली की माणूस हमखास "नको" म्हणतो. पहिली तारीख भरून झाल्यावर मागा. तेव्हा कशासाठी हवी ते त्याला दिसत असतं. दुसरा संशयित म्हणजे बॅटरी वाचवणारी सेटिंग. काही फोन मागे झोपलेली अॅप्स सरळ मारून टाकतात, आणि फोनमध्येच लावलेला गजर त्यासोबत मरतो. म्हणून आठवण सर्व्हरवरून पाठवलेली बरी.

आता आली, पण आदल्या दिवशी आली. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (म्हणजे दर हप्ता आपोआप कापायला ग्राहकाने आधीच दिलेल्या संमतीच्या) नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावीच लागते. म्हणजे जे काम होतच आहे तेच तुम्ही पुन्हा करताय. तुमची आठवण चार-पाच दिवस आधी यायला हवी, कारण "हे चालू ठेवायचं का?" यावर सहा जणांत चर्चा व्हायची असते, आणि त्यातला एक जण व्हॉट्सअॅप रविवारीच बघतो. १५,००० रुपयांपर्यंतचा नेहमीचा हप्ता मँडेट असेल तर ओटीपीशिवाय कापला जातो. वर्षाचा प्लॅन तर लक्षातही नसतो, तो पंधरा दिवस आधी सांगा.

"रद्द करा" हे एकच बटण

लोकांच्या मनात रद्द करणं एक असतं, प्रत्यक्षात चार. फोनमधून अॅप काढून टाकणं, कंपनीकडचं सबस्क्रिप्शन बंद करणं, यूपीआय ऑटोपेचं मँडेट मागे घेणं, आणि आपल्या गटातून बाहेर पडणं. पहिल्याने काहीच थांबत नाही. तुमच्या अॅपमधलं बटण फक्त चौथं काम करत असेल, तर त्यावर तसंच लिहा: "गटातून बाहेर पडा". आणि खाली बाकीची दोन कुठे जाऊन करायची त्याची वाट दाखवा. मी स्वतः एकदा आमच्याच अॅपमध्ये "रद्द" दाबून निवांत झोपलो होतो आणि दोन महिने पैसे कटत राहिले. ग्राहकाला सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून ठेवणं नोव्हेंबर २०२३ पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या डिझाइनच्या यादीत आहे, तेव्हा तुमच्या स्वतःच्या पैसेवाल्या प्लॅनलाही हा नियम लावा.

पैसे गोळा करताना

लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात जमवून पुढे भरायची कल्पना मोहक वाटते. सोडून द्या, तो रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचा प्रांत आहे. पैसे सदस्याकडून थेट खजिनदाराकडे जाऊ द्या.

जुन्या आराखड्यात "पैसे मागा" असं यूपीआय विनंतीचं बटण असेल तर तेही काढा. माणसामाणसांतल्या अशा कलेक्ट विनंत्या यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या, कारण त्यातून फसवणूक फार होत होती. क्यूआर दाखवा, किंवा यूपीआय अॅप उघडणारं बटण द्या. पण ते अॅप परत येऊन "यशस्वी" म्हणालं म्हणून हिशोब मिटवू नका. सदस्याने "पाठवले" म्हणायचं, खजिनदाराने बँकेत बघून "मिळाले" दाबायचं. दोन टप्पे जुनाट वाटतात, पण वाद शून्य.

बँकेचे एसएमएस वाचून सगळं आपोआप भरायचा मोहही आवरा. गूगल प्लेवर ती परवानगी मोजक्याच कामांना, कारण पटवून दिल्यावर मिळते, आणि आयफोनवर तर नाहीच. नाव, रक्कम, तारीख असे तीन रकाने हाताने भरायला वीस सेकंद लागतात.

मराठीत मागणं

इंग्रजीतून भाषांतर केलेलं अॅप इथे उघडं पडतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच संबोधन चालतं. आपल्याकडे रूममेटला "तुम्ही" म्हटलं तर तो विचारेल काय बिनसलंय, आणि सासऱ्यांना "तू" म्हटल्यावर काय होतं ते वर सांगितलंच. आम्ही आधी प्रत्येक सदस्यापुढे तू की तुम्ही अशी निवड ठेवली. चालली, पण भरायचा कंटाळा. मग वाक्यच असं केलं की कोणाला हाक मारायची वेळच येऊ नये: "जुलैची स्टोरेजची वर्गणी, ५० रुपये. पोचली की इथे खूण करता येईल." "थकबाकी" हा शब्द काढला, तो वीजबिलाचा आहे. त्याऐवजी "राहिलेत". लाल रंग काढला. कोणाचे राहिलेत ती यादी सगळ्यांना न दाखवता फक्त खजिनदाराला दिसेल अशी केली. गणपतीच्या फळ्यावर नावं लागतात ती देणाऱ्यांची.

मराठी फाँटसाठी ओळींतलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर "वर्गणी"वरचा रफारच कापला जातो. आमच्याकडे महिनाभर बटणावर "वगणी" दिसत होतं.

नवी आवृत्ती सासऱ्यांच्या फोनवर टाकली. आता दर महिन्याला त्यांचे पैसे सगळ्यात आधी येतात, एक तारखेला सकाळी. मागच्या महिन्यात त्यांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, "अहो, पावती कुठे मिळेल?" ते बटण अजून बनतंय.