एनडीएसाठी शिफारसपत्र नको, कागदपत्रं नीट करा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मुलगा एनडीएला (सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचं म्हणाला की घरचे आधी आमदार-खासदारांच्या पत्रामागं लागतात. त्या पत्राला तिथं काडीची किंमत नाही. यूपीएससीची लेखी ९०० गुणांची, एसएसबी (सैन्यदलांची निवड-मुलाखत) ९०० गुणांची. यादी त्यावरच लागते. मुलींनाही हीच वाट.

आपली मुलं अडकतात ती कागदांत. जन्मतारखेला दहावीचं प्रमाणपत्रच लागतं. नगरपालिकेचा दाखला, अॅफिडेव्हिट, पत्रिका काही चालत नाही. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे १ जून लावली असेल, तर वय त्याच तारखेनं मोजा. कोर्स सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस हवं. नेमक्या तारखा प्रत्येक जाहिरातीत असतात. नावाचा घोळ त्याहून मोठा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कशीटवर आडनावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण आडनाव, तेही वेगळ्या स्पेलिंगनं. दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडं जातो आणि वेळ खातो. म्हणून दहावीची मार्कशीट हातात पडली की लगेच अर्ज द्या, पीयूसी दुसऱ्या वर्षाची (बारावीची) वाट बघू नका.

परीक्षेची फी १०० रुपये. मुलींना आणि एससी-एसटींना माफ. वडील माजी जवान आहेत म्हणून ती आपोआप माफ होत नाही. त्यासाठी मुलगा मिलिटरी स्कूल किंवा सैनिक स्कूलमध्ये शिकत असावा लागतो.

आर्मीला कुठल्याही शाखेची पीयूसी चालते. नेव्ही, एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजेच. पण आर्ट्सवाल्यालाही ३०० गुणांचा गणिताचा पेपर चुकत नाही. पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, मराठीत नाही. लिपी ओळखीची म्हणून हिंदीवर भिस्त ठेवू नका: पीयूसीचं गणित इंग्रजीत शिकलात, तर प्रश्नही इंग्रजीतूनच वाचा. गणितात १२० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. चारही पर्याय अंधारात असतील तर प्रश्न सोडा. दोन नक्की बाद करता आले तर ठोका.

एसएसबीत पहिल्याच दिवशी बरेच जण घरी परततात. चित्र ३० सेकंद दिसतं, गोष्ट लिहायची, मग गटात बोलायचं. हुशार पोरं इथं गप्प बसतात, हे बघवत नाही. चार मित्र जमवून रोज बोलायचा सराव करा. पीआयक्यू फॉर्ममध्ये (स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) कबड्डी लिहिलीत तर संघातली जागा, नियम, शेवटचा सामना, सगळं विचारतात. खेळला नसाल तर लिहू नका.

डोळे, रंगदृष्टी, सपाट तळवे आणि गुडघे अर्ज भरण्याआधीच डॉक्टरला दाखवा. आणि हौसेनं टॅटू काढू नका.