ड्रेन बोल्ट नवा, वायसर नवा, तरी तेल गळतंय?

आयटीआय संपवून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात लागलो, त्याच्या चौथ्या महिन्यातली गोष्ट. गारगोटीहून आलेल्या गाडीचं ऑईल बदलायचं होतं. ड्रेन बोल्टाचं, म्हणजे जुनं तेल सोडायला खालून काढतात त्या बोल्टाचं, डोकं गोल झालेलं, म्हणून बोल्ट नवा घातला, तांब्याचा वायसरही नवा. दुसऱ्या दिवशी फोन आला, दारातल्या फरशीवर तेल.

मिस्त्री म्हणाले, "आवळ की जरा." आवळला. दोन दिवसांनी गाडी परत आली. पुन्हा आवळला, आणि पाना एकदम मऊ फिरला. आटे गेले की हाताला लगेच कळतं. बोल्ट काढला तर ॲल्युमिनियमचा चकाकणारा तुकडा स्प्रिंगसारखा त्याच्या आट्यांत अडकलेला.

चेंबरचं, म्हणजे इंजिनाखाली तेल साठतं त्या भांड्याचं, तोंड पुसलं, बोट फिरवलं, तर नख कडेला अडलं. जुना वायसर तिथंच चिकटून होता! तेलानं इतका काळा की चेंबरचाच भाग वाटावा. मी त्याच्यावर दुसरा वायसर चढवला होता.

इथंच नीट लक्ष द्या. वायसर दाबला जाऊन बसतो, म्हणून तेल अडतं. जुना एकदा दबलेला, कडक, वर बोल्टाची खूण पडलेली. त्यावर नवा सपाट बसत नाही, दोघांच्या मधून तेल झिरपतं. म्हणून जुना बोल्ट हातात आला की आधी त्यावर वायसर आहे का बघा. नसेल तर तो वर चिकटलाय असं धरूनच चाला. टॉर्च लावून बघा, नख फिरवून बघा. काढताना लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा, तोंडावर ओरखडा पडला तर तिथूनही गळतं. काही बोल्टांना रबरी सील अंगचंच असतं, त्यांना वेगळा वायसर नसतो. तेही बघून घ्या.

आवळून गळती थांबवायची सवय मला अजिबात पटत नाही. टेफ्लॉन टेप, शेलॅकसारखा चिकट लेपही नको. मिस्त्रींनी मला पुष्कळ शिकवलं, त्यांचा मान आहेच, पण टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळतोय ते मोजणारा पाना, त्यांनी कधी हातात दिला नाही. लहान गाड्यांना साधारण 30 ते 40 न्यूटन-मीटर पुरतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. नवा बोल्ट जुन्याशेजारी धरून आटे जुळवा. 12 मिमी बोल्टाला 1.25 पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत), 14 मिमीला 1.5 असे प्रकार येतात. पहिले आटे हातानंच लावायचे, हातानं जात नसेल तर थांबायचं.

घाबरू नका, आटे गेले म्हणजे चेंबर बाद होत नाही. आम्ही चेंबर उतरवून शेजारच्या लेथवर नेलं, भोक मोठं करून इन्सर्ट, म्हणजे आतून नवे आटे असलेला धातूचा तुकडा, बसवून घेतला. पैसे माझ्या पगारातून गेले, त्या महिन्यात घरी काही देता आलं नाही. तरी सांगतो, चूक कबूल केली म्हणून मला कुणी काढलं नाही.

आणि गळती बोल्टाचीच आहे, हे आधी ठरवा. चालत्या गाडीत वाऱ्यानं तेल मागं पसरतं. ऑईल फिल्टरचं जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं तरी असाच घोळ होतो. सगळं पुसून कोरडं करा, दहा मिनिटं इंजिन चालवा, मग सगळ्यात वरची ओली जागा शोधा. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. गारगोटीच्या गाडीखालचा पुठ्ठा सकाळी कोरडा होता. मी तो दोन्ही बाजूंनी उलटून बघितला, मगच मालकांना फोन लावला.