बीएस्सी बायोमेडिकल सायन्सला अ‍ॅडमिशन घेतलीये? मग अभ्यास असा करा

आधी एक क्लिअर करून घ्या, हा एमबीबीएस नाही, डिग्री झाल्यावर पेशंट तपासता येत नाहीत, पुढचा रस्ता लॅब, रिसर्च, एमएस्सी असा असतो. घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवा नाहीतर प्रत्येक लग्नात कोणीतरी काका बीपी दाखवायला येतात.

आता बायोकेमिस्ट्री. सगळ्यात जास्त पोरं इथेच गळपटतात, कारण ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज फोडून एनर्जी काढायच्या प्रोसेसच्या) 10 स्टेप्स मंत्रासारख्या घोकतात. त्यापेक्षा मोठ्या कागदावर हाताने काढा आणि आधी फक्त तीनच एन्झाइम पकडा, हेक्सोकायनेज, पीएफके-1 (फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-1), पायरुवेट कायनेज, कारण या तीन रिअ‍ॅक्शन उलट्या फिरत नाहीत आणि पेशी कंट्रोल इथेच ठेवते. मग एटीपीचा, म्हणजे पेशीच्या एनर्जीच्या चलनाचा, हिशोब मांडा, 2 खर्च, 4 कमाई, हातात 2. दुसऱ्या दिवशी कागद न बघता परत काढा, जिथे अडाल तेवढंच वाचा.

प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री प्रत्येक स्टेपपुढे "का" लिहा. ग्रॅम स्टेनमध्ये (बॅक्टेरिया रंगवून दोन गटांत ओळखायची टेस्ट) क्रिस्टल व्हायोलेट, आयोडिन, अल्कोहोल, सॅफ्रानिन हा क्रम सगळ्यांना येतो, पण अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं तर एरवी जांभळे दिसणारे ग्रॅम पॉझिटिव्ह बॅक्टेरियासुद्धा गुलाबी दिसतात हे व्हायवात हमखास विचारतात. मायक्रोपिपेटच्या (अगदी थोडं लिक्विड मोजून घ्यायचं साधन) बटणाला दोन स्टॉप असतात, पहिल्यापर्यंत दाबून लिक्विड घ्यायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. मी पहिले कितीतरी दिवस उलटं करत होतो आणि रीडिंग चुकलं की मशीनला शिव्या घालत होतो :)

अ‍ॅनाटॉमीला चित्रं काढा, बास. स्टॅटिस्टिक्स मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, प्रोजेक्टला तेच लागतं.