सात वार, सात पेठा

साहस म्हटलं की हरिश्चंद्रगड डोळ्यांपुढे येतो. मग सुट्टी, गाडी, मित्रांच्या तारखा जुळवता जुळवता पावसाळा संपतो. मन हलकं करायला पुण्यातच ४५ मिनिटांत जमेल असं छोटं साहस हवं असेल, तर जुन्या शहरात सातही वारांच्या नावाच्या पेठा आहेत. ज्या वारी निघाल, त्या वाराच्या पेठेत शिरायचं.

आठवड्याला एकच पेठ घ्या. पहिल्या आठवड्यात सोमवारी सोमवार पेठ, पुढच्या आठवड्यात मंगळवारी मंगळवार पेठ, असं सात आठवडे. रोज एक करायला गेलं की गुरुवारपर्यंत दमछाक होते आणि त्याचंही ओझं होऊन बसतं.

निघण्यापूर्वी मन किती जड आहे त्याला दहापैकी एक आकडा द्या आणि कागदावर लिहा. ४५ मिनिटांचा गजर लावून फोन पिशवीत टाका. पहिल्या तिठ्यावर नाणं उडवा: छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे. पुढच्या प्रत्येक तिठ्यावर तेच. बोळ बंद निघाला तर मागे फिरा. गजर झाला की कुठेही असा, थांबा आणि रस्ता विचारत परत या. फोनवर नकाशा पाहण्यापेक्षा विचारणंच बरं. पत्ता सांगताना पुणेकर सहसा दुरुस्त्याही सुचवतो, तेवढं ऐकून घ्यावं.

नाण्याचा खटाटोप अशासाठी, की रोजच्या रस्त्यावर पाय आपोआप चालतात आणि डोकं ऑफिसातल्या त्याच भांडणाकडे वळतं. वळण ठाऊक नसलं की नजरेला काम मिळतं. तिला आणखी कामाला लावा: दर फेरीत एकच गोष्ट दोन मिनिटं न हलता पाहायची. सोमवार पेठेत नागझरी ओढ्याजवळ त्रिशुंड गणपतीचं अठराव्या शतकातलं देऊळ आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर चक्क गेंडा कोरलाय. गणपतीच्या देवळावर गेंडा का, हा प्रश्न पडला की तुमचं काम झालं. उत्तर लगेच शोधू नका. बुधवारी पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूने सुरुवात करा.

घरी आल्यावर पुन्हा आकडा लिहा. एका फेरीवरून काही ठरवू नका, चार फेऱ्यांचे आकडे शेजारी मांडून पाहा.

बिघडतं ते बहुतेकदा फोटोंमुळे. फोन एकदा बाहेर आला की मेसेज दिसतात आणि फेरी संपते. चौघं मिळून गेलात तर गप्पा रोजच्याच होतात, सोबत हवीच असेल तर एकच माणूस घ्या. दुपारी एक ते चार टाळा, कारण जाणकारांना सांगायला नको. अंधाराआधी परतायचा बेत ठेवा आणि कुठे चाललात ते घरी सांगून निघा.

दोन आठवडे झोप, भूक किंवा कामातलं लक्ष बिघडलेलं असेल तर फेरीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

सात झाल्यावर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथे नाणं नको. तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने चाललेल्या मठारकामाचे ठोके ऐकू येतील त्या दिशेने चालायचं.