अफिलिएटसाठी विषय आणि कीवर्ड कसे निवडावेत

अफिलिएट म्हणजे आपल्या लेखातल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की मिळणारं कमिशन, आणि कीवर्ड म्हणजे लोक गुगलमध्ये शोधताना टाइप करतात ते शब्द. 'घरगुती वस्तू' हा विषय घेऊ नका, मोठ्या साइट्सपुढे टिकाव लागत नाही. 'मुंबईच्या पावसाळ्यात वन रूम किचनमध्ये कपडे वाळवणे' इतका बारीक घ्या. छताचा स्टँड, डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र), कपाटातला ओलावा शोषणारी पाकिटं... विकण्याजोग्या वस्तू आपोआप निघतात. लेखांची वीसेक शीर्षकं सुचत नसतील तर विषय बदला.

आता गुगलमध्ये 'कपडे वाळवायचा स्टँड' टाइप करा, पण एंटर दाबू नका. खाली येणाऱ्या सूचना वहीत उतरवा. हेच रोमन लिपीतल्या मराठीत आणि इंग्रजीतही करा, लोक तिन्ही तऱ्हांनी शोधतात. कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कुठला शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते दाखवणारं गुगलचं साधन, फुकट आहे, मात्र जाहिरातीवर खर्च नसेल तर नेमका आकडा न देता ढोबळ पट्टा दाखवतो. तेवढं पुरतं.

'कपडे लवकर कसे वाळवावे' शोधणारा माहिती घेऊन निघून जातो. 'छताला लावायचा स्टँड किंमत' शोधणारा खरेदीच्या बेतात असतो. सुरुवात त्याच्यापासून करा. गुगलच्या पहिल्या पानावर नुसती ऑनलाइन दुकानंच दिसली तर तो कीवर्ड सरळ सोडा.

एखादा शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर 5 वर्षांचा आलेख जरूर बघा. पावसाळी लेख मार्चमध्येच टाका, जूनमध्ये टाकलेला गुगलमध्ये वर येईपर्यंत पाऊस ओसरलेला असतो.