टॉवेलचा स्कीमा लिहिताना

आमच्या बॅचमधले बहुतेक जण हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले ते तिकडेच राहिले. मी घरच्या कारणानं सोलापुरात थांबलो आणि सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत सहा जण बसतात अशा एका छोट्या कंपनीत लागलो. पहिलंच काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं. त्यांच्या गोदामातला साठा बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या सिस्टीमला जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि त्यापुढं मूल्य अशा जोड्यांत डेटा लिहायच्या पद्धतीत, कळवायचा होता. सिस्टीमनी एकमेकींशी बोलायच्या अशा सोयीला एपीआय म्हणतात. सीनियर म्हणाला, "एपीआय मी बघतो, तू फक्त टाइप लिही. जेवायच्या आत होतंय बे."

झालंही. कारखान्यानं नमुना म्हणून दिलेला एक रेकॉर्ड घेतला, नमुन्यावरून स्कीमा (कुठल्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, कसला डेटा चालेल याचे नियम) काढून देणाऱ्या एका ऑनलाइन टूलमध्ये टाकला आणि आलं ते चिकटवलं. नाव स्ट्रिंग (मजकूर), नग इंटीजर (पूर्णांक), जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) इंटीजर, दर नंबर (अपूर्णांकही चालतो). दहा मिनिटं लागली. नंतर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या मुलानं हेच केलेलं मी पाहिलंय, म्हणून इथूनच सुरुवात करतो. नमुन्यावरून एवढंच कळतं की एकदा असा डेटा आला होता. काय येऊ शकतं आणि काय येता कामा नये, ते त्यात नसतं.

तिसऱ्या आठवड्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला. तुमच्याकडं ३० बाय ६० चा माल संपलेला दिसला, आम्ही दुसरीकडं ऑर्डर देऊन टाकली. गोदामात त्या मापाच्या गाठी छतापर्यंत लागल्या होत्या! फक्त त्यांची मोजणी राहिली होती, म्हणून नगांचा रकाना रिकामा होता. आमचा सर्व्हर गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला. गोमध्ये साध्या इंटीजर फील्डला जेसनमधून काही आलंच नाही, किंवा नल ('मूल्य नाही' अशी खूण) आलं, तरी तिथं शून्य राहतं. तेच शून्य आम्ही पुढं पाठवलं, आणि शून्य हा इंटीजरच असल्यामुळं स्कीमानं काही हरकत घेतली नाही.

घाईघाईत मी त्या फील्डला 'ओमिटएम्प्टी' (रिकामं असेल तर फील्ड पाठवूच नको) लावलं. मग उलटंच झालं. न मोजलेला माल शून्य म्हणून जायचा थांबला, पण खरोखर संपलेला मालही यादीतून गळाला, कारण ओमिटएम्प्टी शून्यालाही रिकामंच धरतं.

शेवटी गोदामात जाऊन बसलो. तिथल्या दिवाणजींना सगळे अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, हमालांशी कन्नड, माझ्याशी मराठी. मी विचारलं, अण्णा, रकाना रिकामा म्हणजे शून्यच ना? त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "तसं नसतंय. रिकामं म्हणजे मोजायचं राहिलंय. शून्य म्हणजे मोजलं, माल नाही. आणि ही आडवी रेघ ओढलीय ना, तिथं मोजायचं कामच नाही." रेघ होती चादरींच्या ओळीत, जीएसएमच्या रकान्यात. चादर ते वजनावर धरतात, जीएसएम फक्त टॉवेलला.

तीन खुणा, तीन अर्थ, आणि माझ्या स्कीमात तिन्हींना मिळून एक इंटीजर. जेसनमध्ये खरं तर चार वेगळ्या गोष्टी आहेत: फील्ड नसणं, फील्ड नल असणं, रिकामी स्ट्रिंग असणं आणि शून्य असणं. नवख्यांचा गोंधळ होतो तो यातले दोन प्रश्न एकच समजल्यामुळं. फील्ड असलंच पाहिजे का, हे 'रिक्वायर्ड'च्या यादीत ठरतं. त्यात नल चालेल का, हे टाइपमध्ये ठरतं. प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे स्कीमातल्या फील्डांच्या वर्णनात, नाव लिहिलं म्हणून फील्ड सक्तीचं होत नाही, आणि रिक्वायर्डमध्ये टाकलं म्हणून त्यात काही भरलेलं असेलच असंही नाही.

आम्ही मग असं केलं. रेघ स्कीमातून काढूनच टाकली: टॉवेल आणि चादर असे दोन वेगळे टाइप केले, चादरीच्या टाइपमध्ये जीएसएम ठेवलंच नाही. दोघांना 'वन-ऑफ'नं जोडलं आणि 'प्रकार' या फील्डमध्ये कुठला शब्द येणार ते प्रत्येकासाठी पक्कं बांधलं. हे बांधणं विसरू नका. वन-ऑफला नेमका एकच टाइप जुळावा लागतो, दोन्ही जुळले तरी तो नापास करतो, आणि एकही जुळला नाही तर दोन्हीकडच्या तक्रारी एकदम तोंडावर फेकतो. न मोजलेल्या मालासाठी नल ठरवलं. फील्डं मात्र सगळी सक्तीची, नगांचंही. म्हणजे फील्डच आलं नाही तर ती सरळ चूक, तिचा अर्थ लावत बसायचं कारण नाही. गोमध्ये नगांसाठी पॉइंटर घेतला (त्यात शून्य आणि नल वेगळे राहतात) आणि ओमिटएम्प्टी उडवलं.

नल लिहिण्यातही एक खड्डा आहे. ओपनएपीआय हे एपीआयचं वर्णन लिहायचं प्रमाण, त्याच्या ३.० मध्ये 'नलेबल' हा वेगळा शब्द लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ३.१ नं जेसन स्कीमाची (स्कीमा लिहायच्या प्रमाणाची) २०२०-१२ आवृत्ती पूर्ण स्वीकारली, आणि तिथं टाइपचीच यादी द्यायची असते: इंटीजर आणि नल. आम्ही फाइलच्या माथ्यावरचा आकडा ३.१ केला आणि आत नलेबल तसंच ठेवलं. ३.१ ला तो शब्द ओळखीचाच नाही, आणि अनोळखी शब्दाकडं स्कीमा दुर्लक्ष करतो. सकाळी न मोजलेला सगळा माल नाकारला गेलेला होता. इंटरनेटवरची उत्तरं वाचतानाही हेच बघा. 'एक्सक्लूझिव्हमिनिमम'ला (आकडा यापेक्षा मोठाच हवा) ट्रू दिलेलं दिसलं तर ते जेसन स्कीमाच्या ड्राफ्ट ४ या जुन्या आवृत्तीचं आहे. ड्राफ्ट ६ पासून तिथं आकडा लागतो. स्वतःच्या स्कीमा फाइलमध्ये पहिल्या ओळीत आवृत्ती लिहून ठेवा, नाहीतर तपासणारी लायब्ररी स्वतःच्या मनानं एक धरते.

आकड्यांचं थोडक्यात. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर नव्हे, स्ट्रिंग: बँक खातं, पिनकोड, एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड). जेसनच्या व्याकरणात नंबरच्या सुरुवातीला जादा शून्य चालतच नाही, त्यामुळं शून्यानं सुरू होणारं खातं नंबर म्हणून पाठवताच येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढं पूर्णांकांची खात्री देता येत नाही. दर आम्ही रुपयांत नाही, पैशांत, इंटीजर म्हणून पाठवतो. ०.०१ च्या पटीत असावा अशी अट घालून पाहिली होती, पण दशांश अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत आणि काही दर उगीचच नापास होतात.

आणि एकक. हे मी जरा चढ्या आवाजात सांगतो. 'नग: १२' म्हणजे बारा टॉवेल की बारा डझन? टाइप इंटीजरच, स्कीमा खूश, ट्रक मात्र चुकीचा भरतो. फील्डच्या नावातच एकक घाला. मापही '३०x६०' अशा स्ट्रिंगमध्ये ठेवू नका, लांबी आणि रुंदी वेगळी द्या. एकानं गुणिलेचं चिन्ह घातलं, दुसऱ्यानं इंग्रजी एक्स, तिसऱ्यानं मराठीत 'बाय' लिहिलं. तिन्ही आमच्याकडं येऊन गेलंय.

स्ट्रिंगवर सोलापूरनंच जास्त शिकवलं. पिनकोडला मी पॅटर्न दिला 'सहा अंक' असा, सुरुवातीची टोपी (^) आणि शेवटचा डॉलर ($) न लावता; स्ट्रिंग इथं सुरू, इथं संपली असं सांगणाऱ्या त्या खुणा. पॅटर्न स्ट्रिंगमध्ये कुठंही जुळला तरी पास होतो, त्यामुळं दहा आकडी मोबाइल नंबर पिनकोड म्हणून आरामात आत आला. ते दुरुस्त केल्यावर '४१३००१' असा देवनागरीत लिहिलेला पिनकोड आला. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डी (पॅटर्नमधली 'कुठलाही अंक' ही खूण) फक्त इंग्रजी अंक धरतो, पायथनमध्ये देवनागरीही. एकच स्कीमा, ब्राउझरमध्ये नापास, पायथनच्या रिपोर्टमध्ये पास. अंक हवे असतील तर चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा.

लांबीची मर्यादा जेसन स्कीमा युनिकोड अक्षरचिन्हांत मोजतो, काना-मात्रा वेगळ्या धरून. 'सोलापूर' आपल्याला चार अक्षरं वाटतात, स्कीमाला सात, आणि यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) ते २१ बाइट होतात. डेटाबेसचा रकाना बाइटमध्ये मोजत असेल तर ही मर्यादा तिथं उपयोगाची नाही. नावाचे पहिलं, मधलं, आडनाव असे तीन सक्तीचे तुकडेही करू नका. इथं तीन भाषांची माणसं राहतात, नुसती आद्याक्षरं लावणारे आहेत, आडनाव आधी लिहिणारे आहेत. एकच 'पूर्ण नाव', किमान लांबी एक.

तारखेला 'फॉरमॅट: डेट' लिहिलं की तपासणी होते असं मी वर्षभर समजत होतो. २०२०-१२ मध्ये फॉरमॅट ही मुळात नुसती नोंद आहे, बऱ्याच लायब्ररीत तपासणी वेगळी चालू करावी लागते. ३१ फेब्रुवारीची डिलिव्हरी आमच्याकडं नोंदलेली होती.

जादा फील्डचंही तसंच: मनाई केली नाही तर स्कीमा काहीही आत घेतो, ऐच्छिक फील्डच्या नावातली स्पेलिंगची चूकसुद्धा. आत येणाऱ्या डेटासाठी मी 'ॲडिशनलप्रॉपर्टीज' फॉल्स ठेवतो. बाहेर जाणाऱ्यासाठी नाही, कारण उद्या एक फील्ड वाढवलं की जुना स्कीमा धरून बसलेल्या व्यापाऱ्यांकडं सगळंच अडतं.

सराव कसा करायचा असं मुलं विचारतात. मी त्यांना स्कीमा लिहायलाच देत नाही आधी. नापास झाली पाहिजेत अशी वीस जेसन उदाहरणं लिहून आणा म्हणतो. पहिल्या दिवशी सात-आठच येतात. मग गोदामात पाठवतो.

मागच्या महिन्यात मीही गेलो होतो. अण्णांच्या वहीत एका आकड्याभोवती गोल काढलेला दिसला. हे काय? "माल हाय, पण एका पार्टीला तोंडी शब्द दिलाय. द्यायचा नाही कुणाला." आमच्या सिस्टीमला तो माल विक्रीला मोकळा दिसत होता. स्कीमात नवं फील्ड टाकायचं ठरलंय. त्याचा टाइप बूलियन (फक्त हो किंवा नाही) ठेवायचा की शब्द दिलेले नग असा वेगळा इंटीजर, यावर दोन दिवस वाद चाललाय.